हत्तीपासून ड्रोनपर्यंत: जंगलाचं वजन कसं करतात?

आज सुरुवात एका प्रश्नाने. समोर डोंगरभर जंगल आहे. त्याचं वजन किती, हे कसं सांगाल? एवढा मोठा काटा तर कुठेच मिळत नाही. तरी आज कार्बन क्रेडिटचे पैसे याच आकड्यावर ठरतात. आकडा चुकला, तर कुणाला तरी फुकटचे पैसे मिळतात आणि कुणाचा तरी हक्काचा वाटा जातो.

चला, १८५६ सालात जाऊ. ब्रह्मदेशातला पेगू प्रांत. इंग्रजांनी तो चारच वर्षांपूर्वी जिंकला होता आणि जहाजांसाठी त्यांना तिथलं सागवान हवं होतं. साग किती आहे हे बघायचं काम आलं डिट्रिख ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाकडे. हा माणूस हत्तीवर बसून निघाला. डाव्या हातात बांबूचे तुकडे, झाडाच्या जाडीच्या प्रत्येक गटासाठी एक. उजव्या हातात चाकू. साग दिसला की त्या गटाच्या तुकड्यावर एक खाच! अख्खं जंगल त्याने मोजलंच नाही. वाटेच्या आजूबाजूला दिसणारी झाडं मोजली आणि त्यावरून बाकीचा अंदाज बांधला. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय!

दरवर्षी किती मोठी झाडं तोडली तर मागची वाढून त्यांची जागा घेतील, हा हिशोब त्यातून निघाला. १८६४ मध्ये ब्रँडिस हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या बांबूवर खाचा फक्त सागाच्या होत्या. बाकीचं जंगल समोर होतं, हिशोबात नव्हतं.

पुढे मोजणीची पद्धत पक्की होत गेली. १९८१ मध्ये भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उभी राहिली. हत्तीच्या वाटेऐवजी आता ठरवून निवडलेले छोटे तुकडे मोजतात. त्यांना प्लॉट म्हणतात. ०.१ हेक्टरचा चौकोनी प्लॉट म्हणजे प्रत्येक बाजू साधारण ३१.६ मीटर.

सह्याद्रीत अशा एका मोजणीला मीही गेलो होतो. माझ्या हातात टेप दिली. आपल्याकडे जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीपाशी, खोडाचा घेर घेतात. मी खोडाला चिकटलेल्या वेलीवरूनच टेप गुंडाळली आणि आकडा ओरडून सांगितला. सोबतच्या काकांनी वेल हाताने बाजूला केली, टेप ओढून घेतली आणि म्हणाले, "आता वाच." आकडा बराच खाली आला. तेव्हा मला वाटलं, एवढ्या-तेवढ्याने काय होतंय?

बरंच होतं. समजा झाड ३० सेंटीमीटर व्यासाचं, १५ मीटर उंच आणि लाकडाची घनता ०.६. उष्ण कटिबंधासाठी २०१४ मध्ये आलेलं एक सूत्र या झाडाचं जमिनीवरचं कोरडं वजन सुमारे ४४० किलो सांगतं. यालाच बायोमास म्हणतात, मराठीत जैवभार. त्यातला जवळपास निम्मा कार्बन. आता व्यास फक्त १० टक्के जास्त धरा. वजन २० टक्क्यांनी फुगतं! आणि हे सूत्र आलं कुठून? जगातल्या ५८ ठिकाणी तोडून प्रत्यक्ष मोजलेल्या ४,००४ झाडांवरून. न तोडता वजन सांगता यावं, म्हणून आधी काही झाडं तोडावी लागली.

मग ड्रोन काय करतो? तो एकावर एक येणारे शेकडो फोटो काढतो, कॉम्प्युटर त्यातून जंगलाचा त्रिमितीय आकार तयार करतो. शेंड्यांच्या उंचीतून जमिनीची उंची वजा केली की झाडांची उंची मिळते. दाट जंगलात फोटोला जमीन दिसत नाही, तिथे लेझर लागतो. त्याचे काही किरण पानांच्या फटींतून खाली पोचतात. प्लॉटवर हाताने काढलेला जैवभार आणि त्याच प्लॉटची ड्रोनने काढलेली उंची, यांचं नातं बसवायचं आणि ते अख्ख्या डोंगराला लावायचं. म्हणजे प्लॉटवर मी सैल धरलेली टेप ड्रोन डोंगरभर पसरवणार. चूकही तितक्याच सफाईने पसरते!

आणि आता बांबू. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने द्यायचा अधिकार ग्रामसभेकडे आला. त्या गावासाठी बांबू म्हणजे कमाई. पण झाडांचं सूत्र बांबूला चालत नाही, त्याला वेगळं सूत्र लागतं. ते कुणी वापरलंच नाही, तर हिशोबात बांबू शून्य! ब्रँडिसने बांबूवर साग मोजला. आज झाडं मोजताना आपण बांबूच विसरू शकतो.

म्हणून पुढच्या वेळी "ड्रोनने जंगल मोजलं" अशी बातमी मोबाइलवर आली, की दोन प्रश्न विचारा. खाली टेप कुणी धरली होती? आणि त्यांनी काय काय मोजलं नाही? माझ्या मते ती टेप त्या जंगलात राहणाऱ्यांच्याही हातात असायला हवी. वेल कुठे आणि खोड कुठे, हे त्यांना आपल्यापेक्षा आधी दिसतं.

तुमच्या गावाजवळच्या जंगलात काय मोजायचं राहून गेलंय असं तुम्हाला वाटतं? मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!