गुरू-शिष्यांसाठी राज्याचे अनुदान

अमेरिकेत आपली मुले तबला, कथक, हार्मोनियम शिकतात. या शिक्षणाला सरकारी मदत मिळू शकते, हे मात्र पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. गुरू आणि शिष्य यांनी मिळून अर्ज करायची 'फोक आर्ट्स अ‍ॅप्रेंटिसशिप' योजना अनेक राज्यांत आहे.

'फोक' शब्दाला बिचकू नये. शास्त्रीय संगीत-नृत्यही परंपरेने चालत आलेली कला म्हणून त्यात बसू शकते. लोककला व पारंपरिक कलांसाठीची 'नॅशनल हेरिटेज फेलोशिप' उस्ताद अली अकबर खाँ (१९९७), झाकीर हुसेन (१९९९) आणि पंडित चित्रेश दास (२००९) यांना मिळाली होती.

अर्जासाठी साधारणपणे हे तयार ठेवावे:

• गुरूची परंपरा व अनुभव
• शिष्याची आजवरची तयारी (अगदी नवशिक्यांचा सहसा विचार होत नाही)
• वर्षभरात काय शिकणार, याचा आराखडा
• दोघांच्या कलेचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रफीत

रक्कम, वयाची अट आणि मुदत राज्यागणिक वेगळी असते. म्हणून आपल्या राज्याच्या कला परिषदेकडे आधी चौकशी करावी. शेवटी बहुधा जाहीर सादरीकरण करावे लागते. त्यासाठी मंडळाचा गणेशोत्सव आहेच! आपले गुरुजन पदरमोड करून शिकवतात. त्यांच्या वेळेचे थोडे तरी मोल व्हावे, यासाठी हा अर्ज जरूर भरा.