सरकारी दप्तर आणि लोकांचा हिशेब

राज्यकर्त्याने खर्चाचा हिशेब ठेवावा, ही कल्पना काही आजची नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे असंख्य रुमाल जपून ठेवलेले आहेत. त्याही आधी, वसई पोर्तुगीजांच्या हाती येऊन जेमतेम वीस वर्षे झाली असताना, १५५४ साली सिमांव बोतेल्यु ह्या महसूल अधिकाऱ्याने गोवा, वसई, दीव इत्यादी ठाण्यांच्या उत्पन्नाची जंत्री तयार केली. 'तोंबो' ह्या नावाने ती इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. हिशेब होते आणि ते काटेकोरपणे लिहिले जात होते. मात्र ते सगळे धन्यासाठी होते. ज्या शेतकऱ्याच्या भातावर आणि ज्या कोळ्याच्या जाळ्यावर कर बसत असे, त्याला ती वही उघडून पाहण्याची सोय नव्हती. तशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

ही वही करदात्याच्या हाती कशी आली, आणि आल्यावरही ती पुरती उघडली का नाही, ह्याचा थोडासा मागोवा आम्ही येथे घेणार आहोत.

वर जाणारा हिशेब

इंग्रजी अमलात हिंदुस्थान सरकारच्या अंदाजपत्रकाची आणि हिशेबतपासणीची आधुनिक पद्धत १८६० साली सुरू झाली. त्याच वर्षी पहिल्या महालेखापरीक्षकाची नेमणूक झाली. परंतु हा सर्व हिशेब खालून वर, म्हणजे जिल्ह्याकडून कलकत्त्याकडे आणि कलकत्त्याहून लंडनकडे जात असे. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातील सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली; मत देण्याचा हक्क मात्र मिळाला नाही.

नुसते बोलण्याची ही मुभाही किती परिणामकारक ठरू शकते, हे नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी १९०२ साली दाखवून दिले. वरिष्ठ कायदे कौन्सिलातील आपल्या पहिल्याच अंदाजपत्रकी भाषणात त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. देश दुष्काळाने आणि प्लेगने गांजलेला असताना तिजोरीत वर्षानुवर्षे शिल्लक पडते, ती सुबत्तेची खूण नसून जादा कराची खूण आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मिठावरील कर कमी करावा, अशी मागणी त्यांनी केली. १९०३ साली तो कर कमी झाला. गोखल्यांपाशी सत्ता नव्हती, मतही नव्हते; त्यांच्यापाशी सरकारने स्वतः छापलेले कागद होते आणि ते वाचण्याची चिकाटी होती.

स्वातंत्र्यानंतर हिशेब कोणाकडे जाईल, हा प्रश्न घटना समितीपुढे आला. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकाच्या पदाची चर्चा चालू असताना, मे १९४९ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अधिकारी घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे सांगितले. त्याचे कर्तव्य त्यांनी न्यायसंस्थेच्या कर्तव्यापेक्षाही मोठे मानले. हे मत अर्थशास्त्राच्या व्यासंगी अभ्यासकाचे होते. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्था हे त्यांच्या प्रबंधांचे विषय होते. घटनेच्या १४८ ते १५१ ह्या अनुच्छेदांनी ते पद निर्माण केले. अहवाल राष्ट्रपतींकडे वा राज्यपालांकडे जावा आणि तेथून संसदेपुढे वा विधिमंडळापुढे यावा, अशी व्यवस्था झाली. हिशेब आता राजाला न जाता लोकप्रतिनिधींना जाऊ लागला. ही प्रगती लहान नव्हे.

तरीही दोन उणिवा राहून गेल्या. पहिली अशी की, १९२३ चा शासकीय गुपिते कायदा स्वतंत्र भारतानेही तसाच पुढे चालविला, त्यामुळे कागद लपविण्याची कचेऱ्यांची सवय मोडली नाही. दुसरी उणीव अधिक खोल आहे. लेखापरीक्षक मुख्यतः कागद कागदाशी ताडून पाहतो. हजेरीपटावर नावे आहेत, नावांपुढे अंगठे आहेत, बेरीज बरोबर आहे आणि वर अधिकाऱ्याची सही आहे, असे दिसले की कागद शुद्ध ठरतो. परंतु ज्याचा अंगठा उमटला तो मनुष्य त्या दिवशी कामावर होता काय, किंबहुना तो हयात तरी होता काय, हे फक्त त्याचे शेजारीच सांगू शकतात.

कोट किराणाची सुनावणी

ही दुसरी उणीव देशाच्या नजरेस आणून दिली ती राजस्थानातील मजुरांनी. भारतीय प्रशासकीय सेवेचा १९७५ साली राजीनामा दिलेल्या अरुणा रॉय, त्यांचे सहकारी निखिल डे व शंकर सिंह हे १९८७ साली राजसमंद जिल्ह्यातील देवडुंगरी ह्या खेड्यात येऊन राहिले. पावसाचा भरवसा नसलेला तो मुलूख. दुष्काळी कामावर खडी फोडणे आणि माती वाहणे हाच पुष्कळ कुटुंबांचा आधार होता. ह्या कामांवर किमान वेतन मिळत नसे. मजुरांनी जाब विचारला की, 'मोजमापात तुमचे काम कमी भरले', असे उत्तर मिळे. मग ते मोजमाप दाखवा, असे म्हटले की, 'ते सरकारी दप्तर आहे, तुम्हाला पाहता येणार नाही', असे सांगितले जाई.

१ मे १९९० रोजी भीम येथे मजदूर किसान शक्ती संघटनेची स्थापना झाली. मजुरीसाठी उपोषणे झाली, पदरात थोडेच पडले. ह्या अनुभवातून मजुरांना एक गोष्ट उमगली. त्यांच्या मजुरीचा निकाल कामाच्या खड्ड्यात लागत नव्हता, तो कचेरीतील कपाटात लागत होता. जोवर हजेरीपट आणि मोजमापाची वही उघडत नाही, तोवर त्यांचे म्हणणे खोटे आणि कागदाचे म्हणणे खरे ठरणार होते.

२ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराणा येथे पहिली जनसुनवाई भरली. कागद मागण्याचा कायदेशीर हक्क तेव्हा कोणालाच नव्हता. मोठ्या खटपटीने काही नोंदी हाती आल्या होत्या. त्या गावापुढे मोठ्याने वाचण्यात आल्या. अमुक कामावर अमुक इतके दिवस, अमुक मजुरी, असे एकेक नाव पुकारले जाऊ लागले आणि माणसे उठून उभी राहू लागली. कोणी म्हणाले, आम्ही त्या कामावर गेलोच नव्हतो. काही नावे गाव सोडून गेलेल्यांची, काही तर मृतांची निघाली. कागदावर पूर्ण झालेले तलाठ्याच्या कचेरीचे बांधकाम सर्वांच्या डोळ्यांसमोर अपुरे उभे होते. वर्षानुवर्षे हिशेबतपासणीत पार पडलेला कागद गावाच्या एका सभेत टिकला नाही, कारण तो प्रथमच त्याच्या साक्षीदारांपुढे वाचला गेला.

ह्या सुनवाया पुढे इतर गावांतही झाल्या, तेव्हा ग्रामसेवकांनी कागद दाखविण्यास विरोध केला. एप्रिल १९९५ मध्ये मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत ह्यांनी विधानसभेत पंचायतींच्या कागदांच्या प्रती देण्याचे आश्वासन दिले. वर्ष लोटले, आदेश निघाला नाही. म्हणून ६ एप्रिल १९९६ रोजी ब्यावर शहरात धरणे सुरू झाले. ते चाळीस दिवस चालले. खेड्यांतून आलेल्या लोकांनी धान्य आणले, गावकऱ्यांनी भाजी आणि पैसा दिला. सरकारने कागद पाहण्याची परवानगी देऊ केली. त्यांची छायाप्रत मात्र देणार नाही, असे सांगितले. जो मजूर लिहू-वाचू शकत नाही, त्याने नुसते पाहून काय करायचे? लोकांनी हा देकार नाकारला.

१९९७ साली जयपूर येथे पुन्हा धरणे झाले. ते त्रेपन्न दिवस चालले. त्याच्या अखेरीस सरकारने जाहीर केले की, पंचायतीच्या कागदांच्या प्रती देण्याची अधिसूचना सहा महिन्यांपूर्वीच निघालेली आहे! माहिती देण्याचा हुकूम सहा महिने कोणालाच माहीत नव्हता. सरकारी गुप्ततेवर ह्याहून बोलके भाष्य आम्हांला तरी ठाऊक नाही.

ह्या चळवळीतील एका अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रीने दिल्लीच्या पत्रकारांना दिलेले उत्तर पुढे प्रसिद्ध झाले. मुलाला दहा रुपये देऊन बाजारात पाठविले तर परत आल्यावर आपण हिशेब विचारतो; सरकार तर आपल्या नावावर कोट्यवधी रुपये खर्च करते, मग त्याचा हिशेब विचारायला नको काय, असा तिचा साधा मुद्दा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली राज नारायण खटल्यात, सार्वजनिक सेवकांची प्रत्येक सार्वजनिक कृती जाणून घेण्याचा जनतेला हक्क आहे, हे तत्त्व मांडले होते. त्या बाईने तेच तत्त्व घरखर्चाच्या भाषेत सांगितले.

कायदा आला

तामिळनाडू आणि गोवा ह्या राज्यांनी १९९७ साली माहितीच्या हक्काचे कायदे केले. महाराष्ट्राने २००० साली एक तोकडा कायदा केला. त्याजागी आलेल्या अधिक समर्थ कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळावी म्हणून अण्णा हजारे ह्यांनी ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केले आणि ती संमती त्याच महिन्यात आली. संसदेचा माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत, आणि टाळाटाळ करणाऱ्या माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड, ह्या गोष्टी आता सर्वांच्या तोंडी आहेत.

रोजगाराच्या हक्काची कल्पना मुळात महाराष्ट्राची. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे ह्यांच्या प्रेरणेने रोजगार हमी योजना आकारास आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. संसदेने २००५ साली देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्याच्या १७ व्या कलमात ग्रामसभेने कामांचे सामाजिक लेखापरीक्षण करावे, अशी तरतूद आली. कोट किराणाच्या सभेला कायद्यात अशी जागा मिळाली.

विसरलेले चौथे कलम

माहितीच्या अधिकारात आपल्याला आठवतो तो अर्ज. परंतु त्या कायद्याचे खरे मर्म, आमच्या मते, अर्जाच्या आधी येणाऱ्या चौथ्या कलमात आहे. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले सर्व अभिलेख सूची व अनुक्रमणिकेसह नीट लावून ठेवावेत, हे त्या कलमाचे पहिलेच वाक्य. त्यापुढे १७ बाबी कोणी न मागता प्रसिद्ध करावयाच्या आहेत. कोणत्या कामासाठी किती तरतूद आहे, किती खर्च प्रस्तावित आहे, किती रक्कम वाटली गेली, अनुदान कोणाला मिळाले, हे सर्व त्यांत येते. त्यासाठी कायद्याने १२० दिवसांची मुदत दिली होती.

हे कर्तव्य आहे, पण ते चुकविणाऱ्यास थेट दंड नाही. दंड आहे तो मागितलेली माहिती न देणाऱ्यास. परिणाम असा की, कपाट अस्ताव्यस्त ठेवणारी कचेरी निश्चिंत राहते आणि अर्जाला 'कागद सापडत नाही' असे उत्तर देऊन मोकळी होते. हे उत्तर पुरेसे नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले: कागदाचा कसून शोध घ्यावा लागेल आणि तो गहाळ झाला असेल तर जबाबदारी निश्चित करावी लागेल. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही चौथ्या कलमाच्या अंमलबजावणीवर माहिती आयोगांनी सतत देखरेख ठेवावी, असा निर्देश द्यावा लागला. कायदा होऊन अठरा वर्षे झाल्यावर असे सांगावे लागते, ह्यातच सर्व आले.

दप्तर सांभाळण्याचे स्वतंत्र कायदेही आहेत. केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानुसार प्रत्येक कचेरीने अभिलेख अधिकारी नेमावा लागतो आणि नियमाबाहेर जाऊन कागद नष्ट करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. महाराष्ट्राने २००५ साली असाच कायदा केला. तरी २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, तीत पाच जणांचे प्राण गेले आणि फायलींचे गठ्ठेच्या गठ्ठे जळाले, तेव्हा राज्याची स्मृती किती नाजूक वस्तूवर उभी आहे, हे सर्वांना दिसले. आगीत जळालेला कागद निदान सर्वांना ठाऊक असतो. धूळ खात हरवलेल्या कागदाची वार्ता कोणालाच नसते.

आपला वाटा

ह्या इतिहासातून एक गोष्ट आम्हांस ठळकपणे दिसते. ज्या ज्या वेळी हिशेब खऱ्या अर्थाने तपासला गेला, त्या त्या वेळी कागद त्याच्या साक्षीदारापर्यंत पोहोचला होता. गोखल्यांनी सरकारचे आकडे दुष्काळाशी ताडून पाहिले. कोट किराणाच्या मजुरांनी हजेरीपट आपल्या आठवणीशी ताडून पाहिला. आपल्या गावच्या रस्त्यावर खडी किती पडली, नालेसफाई झाली की नाही, हे मुंबईतील वा दिल्लीतील लेखापरीक्षकाला कळण्याची सोय नाही. ते आपल्याला रोज दिसते. आपल्यापाशी नसतो तो फक्त कागद.

आणि तो मिळविण्याचा मार्ग फार अवघड नाही. राज्य शासनाने २०१८ साली निर्णय काढून जिल्हा व त्याखालील कचेऱ्यांत तसेच स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ ह्या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता यावेत, अशी व्यवस्था केली. सातबाऱ्याचा उतारा आपण दर वर्षी चिकित्सेने वाचतो, त्यात एक गुंठा इकडचा तिकडे झाला तर झोप उडते. मग ज्या कामांवर आपल्या कराचा पैसा खर्च होतो, त्यांच्या मोजमापाची वही आपल्यापैकी किती जणांनी उघडून पाहिली आहे?

ब्यावरच्या रस्त्यावर चाळीस दिवस बसलेल्या स्त्रियांपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती. जो कागद त्यांना वाचता येत नव्हता, तो उघडावा म्हणून त्या बसल्या होत्या. आपल्याला वाचता येते. सोमवारची ती दोन तासांची वेळ आपल्या गावातून कोणी तरी साधली पाहिजे, आणि जे वाचले ते गावात येऊन मोठ्याने सांगितले पाहिजे.