परदेशातून गावी परतलात, लग्न ठरलंय आणि मॅरेथॉनही धावायचीय? दोन्ही कसं जमवायचं ते समजून घ्या

परदेशात नोकरी किंवा शिक्षणासाठी गेलेल्या अनेकांना तिथे एक सवय लागते, ती म्हणजे धावण्याची. मोकळे रस्ते, थंड हवा, शनिवारी-रविवारी धावणाऱ्यांचे गट. बघता बघता ५ किलोमीटरचे १० होतात, मग अर्धमॅरेथॉन आणि एक दिवस ४२.१९५ किलोमीटरच्या पूर्ण मॅरेथॉनचा अर्ज भरला जातो.

आणि नेमक्या त्याच वेळी घरून फोन येतो, "सोयरीक जुळली, सुपारी फोडायची आहे, कधी येतोस?"

समजा हे घर हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापूरला आहे. औंढा नागनाथ आणि वसमत यांच्या दरम्यानचं हे गाव मल्लिनाथांच्या दिगंबर जैन मंदिरासाठी ओळखलं जातं. आजूबाजूचा सगळा भाग हळदीचा. इथे लग्न हे एका दिवसाचं काम नसतं. बैठक, साखरपुडा, बस्ता, पत्रिका वाटप, केळवणं, हळद, वरात असे दोन-तीन महिने त्यात जातात. मग सराव कधी करायचा?

उत्तर ऐकून आश्चर्य वाटेल, पण लग्न आणि मॅरेथॉन यांचं वेळापत्रक मुळात फारसं भांडत नाही. खरी अडचण दुसरीकडेच असते. ती कोणती, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

पंचांग धावपटूच्या बाजूने आहे

महाराष्ट्रात आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी हा चातुर्मास. या काळात बहुतांश घरांत लग्नं होत नाहीत. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात. पुढे पौष महिन्यातही लग्नं टाळण्याची पद्धत आहे.

आता धावण्याचं वर्ष पाहा. २००४ साली सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते आणि हा रविवार बहुतेक वर्षी पौषातच येतो. मॅरेथॉनच्या तयारीला साधारण १६ ते २० आठवडे लागतात, म्हणजे सुरुवात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करावी लागते. तो काळ चातुर्मासाचा. थोडक्यात, घरात लग्नाची गडबड सगळ्यात कमी असते तेव्हाच मॅरेथॉनचा पाया घालायचा असतो.

हळद पट्ट्यातल्या लग्नांना शेतीचंही गणित असतं. मे-जूनमध्ये लावलेली हळद जानेवारी ते मार्चदरम्यान काढली जाते. मग ती शिजवणं, वाळवणं, पॉलिश करणं आणि बाजारात नेणं. हातात पैसा आला, मजूर मोकळे झाले, मुलांच्या शाळांना सुट्ट्या लागल्या की लग्नं निघतात. म्हणून इथल्या लग्नांची मोठी गर्दी एप्रिल-मे महिन्यांत दिसते. जानेवारीत शर्यत आणि एप्रिलमध्ये लग्न, असं असेल तर मध्ये तीन महिने मिळतात.

मुहूर्त काढताना अधिक मासही पाहावा लागतो. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून असा अधिक ज्येष्ठ आहे. अशा वर्षी मुहूर्त एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात दाटतात, त्यामुळे कार्यालय आणि आचारी लवकर ठरवावे लागतात.

एक साधा नियम लक्षात ठेवा. पूर्ण मॅरेथॉन आणि लग्न यांच्यात किमान चार आठवड्यांचं अंतर हवं. शर्यतीआधीचे दोन-तीन आठवडे सराव कमी करण्याचे असतात आणि नंतरचे दोन-तीन आठवडे शरीर सावरण्याचे. त्यातच बस्ता आणि पत्रिका आल्या, तर ना शर्यत धड होते ना लग्नघर.

परतल्यावर पहिले दोन आठवडे

विमानातून उतरलेलं शरीर लगेच गावचं होत नाही. झोपेचं घड्याळ जुळायला साधारणपणे वेळेच्या फरकातल्या दर तासामागे एक दिवस लागू शकतो. लंडन आणि भारत यांच्यात ऋतूनुसार साडेचार किंवा साडेपाच तासांचा फरक असतो, न्यूयॉर्कशी साडेनऊ किंवा साडेदहा तासांचा. युरोप-अमेरिकेतून पूर्वेकडे येताना हा त्रास जास्त जाणवतो. या दिवसांत सकाळच्या उजेडात चालणं किंवा हलकं धावणं झोप रुळावर आणायला मदत करतं. वेगाचा सराव आठवडाभर बाजूला ठेवावा.

दुसरी गोष्ट उन्हाची. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जाणं नेहमीचं आहे. १० अंशांत धावायची सवय झालेल्या शरीराला उन्हाशी जुळवून घ्यायला १० ते १४ दिवस लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो, रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं आणि तेवढ्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडू लागतात. म्हणून सुरुवात २० ते ३० मिनिटांनीच करा आणि वेग न पाहता दम किती लागतोय ते पाहा.

मे महिन्यात इथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो. सात वाजेपर्यंत घरी परतणं शहाणपणाचं. नुसतं पाणी पोटभर पीत राहणंही चांगलं नाही, कारण त्याने रक्तातलं मीठ कमी होऊ शकतं. तहानेनुसार पाणी आणि सोबत मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत, मठ्ठा किंवा पन्हं पुरेसं असतं. धावताना चक्कर येणं, बोलणं अडखळणं, गोंधळल्यासारखं होणं ही उष्माघाताची लक्षणं असू शकतात. तेव्हा लगेच सावलीत नेऊन अंगावर पाणी टाकून गार करा आणि १०८ ला फोन लावा.

सराव किती कमी केला तर चालतो?

लग्नघरातल्या धावपटूची सगळ्यात मोठी भीती हीच असते, की आठ महिन्यांची मेहनत दोन महिन्यांत वाया जाईल.

अमेरिकेतले संशोधक रॉबर्ट हिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात याच प्रश्नावर प्रयोग केले. आठवड्यातून सहा दिवस रोज ४० मिनिटं कसून सराव केलेल्या लोकांचा सराव त्यांनी पुढचे १५ आठवडे घटवला. दिवस सहावरून चार किंवा दोनवर आणले, तरी शरीराची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरण्याची क्षमता टिकली. वेळ ४० मिनिटांवरून २६ किंवा १३ मिनिटांवर आणला, तरी ती टिकली. मात्र सरावातला जोर कमी केल्यावर ती घसरली. १३ मिनिटांच्या गटात लांब पल्ल्याचा दमही थोडा कमी झाला.

याचा अर्थ सरळ आहे. लग्नाच्या महिन्यांत दिवस कमी करा, वेळ कमी करा, पण सराव अगदीच मिळमिळीत होऊ देऊ नका. आठवड्याला तीन वेळा धावणं पुरेसं आहे:

* एक दिवस ३० ते ४० मिनिटं, त्यात तीन-तीन मिनिटांचे चार-पाच वेगवान टप्पे.
* एक दिवस आरामात ३० मिनिटं.
* एक दिवस लांब, ७५ ते ९० मिनिटं. हा रविवारीच हवा असं नाही. रविवारी पाहुणे येतात, म्हणून मंगळवार किंवा बुधवार धरा.

बस्त्याचा दिवस हा विश्रांतीचा दिवस समजा. नांदेडला किंवा हिंगोलीला जाऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत साड्या आणि आहेराचे कपडे बघायचे म्हणजे पायांना तेवढाच ताण. पत्रिका वाटायला मोटारसायकलवर गावोगाव फिरणंही तसंच. शेवटच्या आठवड्यात तर धावण्यापेक्षा झोप मोलाची.

केळवणं, मेंदी आणि जोडवी

केळवणाला नाही म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. ज्या दिवशी दुपारी केळवण असेल, त्या दिवशी सकाळी लांब धावून घ्या. पुरणपोळी आणि भात तेव्हा शरीराला हवेच असतात. मात्र जेवणानंतर किमान तीन तास धावू नका. परदेशातून नुकतंच आलेलं पोट नाजूक असतं, त्यामुळे पहिल्या काही दिवसांत उघड्यावरचं पाणी आणि बर्फ टाळा.

नवरीसाठी काही बारीक गोष्टी आहेत. मेंदी वाळायला आणि रंगायला कित्येक तास लागतात, म्हणून त्या दिवशीची धाव सकाळीच उरकलेली बरी. घट्ट बुटांमुळे पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडतं आणि ते वाढून निघायला महिने जातात. तेव्हा उन्हाळ्यात अर्ध्या मापाने मोठे बूट चांगले. लांब धावताना पाय सुजतात, त्या वेळी जोडवी रुतू शकतात. धावण्यापुरती ती काढून ठेवायची की नाही, हे घरात आधीच बोलून घेतलेलं सोपं जातं.

कुठे धावायचं आणि कुणासोबत?

शिरड शहापूरच्या परिसरात धावण्यासाठी वेगळा मार्ग कोण आखून देणार? मोठ्या रस्त्यावर ट्रक, ऊस आणि हळदीची वाहनं असतात. शेतातली पायवाट उन्हाळ्यात बरी, पण पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटाला असा चिकटतो की पाय उचलत नाही. म्हणून गावाला जोडणारा कमी वर्दळीचा डांबरी रस्ता किंवा शाळेचं मैदान निवडा. वाहनांच्या समोरून, म्हणजे उजव्या कडेने धावा आणि अंधारात चमकणारी पट्टी लावा.

सोबतीची काळजी फारशी नको. मराठवाड्याच्या कोणत्याही गावात पहाटे पोलीस भरती आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुलं-मुली धावताना दिसतात. पोलीस भरतीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावं लागतं, त्यामुळे त्यांचा सराव वेगाचा असतो. तुमचे वेगवान टप्पे त्यांच्यासोबत करा. गावाच्या नजरा आपोआप निवळतात आणि एकटीने धावणाऱ्या मुलीला आधारही मिळतो.

खरा प्रश्न लग्नानंतरचा

इथवरच्या सगळ्या अडचणी वेळापत्रकाने सुटतात. न सुटणारी अडचण एका वाक्यात येते, "आता लग्न झालं, आता कशाला धावायचं?" हे वाक्य मुलांना क्वचित ऐकावं लागतं, मुलींना बहुतेक वेळा.

महाराष्ट्रातल्या नामवंत धावपटूंकडे पाहिलं तर याचं एकच ठरलेलं उत्तर नाही. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य जिंकलं. २०१३ मध्ये त्यांचं लग्न झालं. त्यानंतर २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांनी मॅरेथॉनचं सुवर्ण मिळवलं आणि रिओ ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावल्या.

साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी रिओतच ३ हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक मिळवला. १९८४ मध्ये पी. टी. उषा यांनी अंतिम फेरी गाठल्यानंतर ३२ वर्षांनी भारतीय महिला ऑलिंपिकच्या ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत तिथवर पोहोचली होती. रिओहून परतल्यावर २०१७ मध्ये त्यांचं लग्न झालं आणि पुढे त्या राज्याच्या महसूल सेवेत दाखल झाल्या.

शिरड शहापूरच्या जवळचं उदाहरण म्हणजे परभणीच्या ज्योती गवते. २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांमध्ये त्या पहिल्या आल्या. १ मे १९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्याचाच भाग होता. त्यामुळे 'आपल्या भागात कोण मुलगी एवढी धावते?' असं कुणी विचारलं, तर उत्तर शेजारीच आहे.

सुपारी फुटण्याआधी काय बोलून घ्यावं?

बैठकीत मानपान, जेवणावळ, कार्यालय यावर तासन् तास बोलणं होतं. त्याआधी दोघांनी आपसात दहा मिनिटं या गोष्टी बोलून घ्याव्यात:

* लग्नानंतर राहायचं कुठे, गावात, पुण्या-मुंबईत की पुन्हा परदेशात? सरावाची जागा आणि हवा त्यावरच ठरते.
* पहाटे पाचला घराबाहेर पडणं सासरच्या घरात चालेल का? त्या वेळचा चहा-पाणी, डबा कोण बघेल?
* वर्षाला किती शर्यती आणि त्यांचा खर्च किती?
* पुढची शर्यत कोणती? नाव आणि तारीख दोन्ही घरांना आधीच सांगितलेली बरी.

परत जायचं असेल तर कागदपत्रंही याच यादीत घ्या. महाराष्ट्रात लग्नाची नोंदणी ९० दिवसांच्या आत करायची असते आणि गावात हे काम ग्रामपंचायतीत होतं. व्हिसासाठी हे प्रमाणपत्र लागतं, म्हणून सुट्टी संपण्याआधीच अर्ज द्या. विशेष विवाह कायद्याने लग्न करणार असाल तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, तेव्हा तिकीट त्या हिशोबाने काढा.

लग्नाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली जाते. त्याच वेळी त्याच कॅलेंडरवर जानेवारीतला तो रविवारही लिहून टाका. घरातल्या सगळ्यांना रोज दिसणारी तारीख सहसा कुणी मोडायला सांगत नाही.