घोड्याचं रक्त आणि एक चुकलेलं लेबल

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय घोडा. पण शर्यतीतला नाही आणि लढाईतलाही नाही. रक्त देणारा घोडा.

गोष्ट माझ्या गावापासून सुरू होते. धनज, तालुका कारंजा, जिल्हा वाशिम. सोयाबीन सोंगणीचे दिवस होते. गंजीपाशी काकांच्या पायाला घोणस चावली. मोटारसायकलवर मधे बसवून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी काकांचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि वीस मिनिटं तसंच ठेवलं. मग नळी तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नव्हतं. लगेच सलाइनमधून दहा कुप्या औषध सुरू झालं. मी बाहेर बाकावर बसून रिकाम्या कुपीवरची बारीक अक्षरं वाचत होतो. त्यात लिहिलं होतं की हे औषध घोड्यापासून काढलंय.

तिसऱ्या दिवशी काका उठून बसले तेव्हा त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "काहून रे बापू, घोड्याचं रगत हाय काय हे? मंग आता मले टांगा वढा लागते काय?"

सगळे हसले. पण मी इंजिनिअर माणूस. डोक्यात एकच प्रश्न राहिला: त्या घोड्याची तपासणी कोण करतं?

थोडं मागे जाऊ. १८९० मध्ये बर्लिनला बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवलं की धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या प्राण्याचं रक्त दुसऱ्या प्राण्याला वाचवू शकतं. १८९४ च्या सुमारास पॅरिसमध्ये एमिल रू यांनी घटसर्पावरचं औषध करायला घोडे वापरले. त्याच काळात आल्बेर काल्मेत यांनी तीच युक्ती सापाच्या विषावर लावली. घोडाच का? कारण साधं आहे. त्याच्या वजनाच्या साधारण ८ टक्के रक्त असतं. म्हणजे ५०० किलोच्या घोड्यात जवळपास ४० लिटर.

आता या सिस्टिममधला सगळ्यात महागात पडलेला बग ऐका. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात जिम नावाचा घोडा होता. आधी तो दुधाची गाडी ओढायचा, नंतर घटसर्पाच्या औषधासाठी रक्त देऊ लागला. १९०१ च्या ऑक्टोबरात त्याला धनुर्वात झाल्याचं लक्षात आलं आणि त्याला मारावं लागलं. पण सप्टेंबरच्या शेवटी, लक्षणं दिसायच्या आधी, त्याचं रक्त काढून झालं होतं. ते फेकून द्यायला हवं होतं. उलट त्यातला काही भाग ऑगस्टच्या तारखेच्या लेबलखाली बाहेर गेला. १३ मुलं दगावली. चुकीचा टाइमस्टॅम्प, टेस्टिंग न करता रिलीज. पुढच्याच वर्षी, १९०२ मध्ये, अमेरिकेत अशा औषधांवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला.

आणि त्याच १९०२ मध्ये असाच घाव आपल्या परळवर बसला. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईच्या प्लेगमध्ये लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ पासून त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात होती. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात त्यांच्या लशीच्या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने गेले. दोष हाफकिन यांच्यावर आला, पद गेलं. बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, असं पुरावा सांगत होता. तरी ते निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं.

पुढे याच हाफकिनमध्ये सर्पदंशावरचं औषध बनू लागलं. त्यासाठीचे घोडे पिंपरीला असतात. मी रोज ऑफिसला जातो त्याच पिंपरीला! नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष घोड्याला अगदी थोड्या मात्रेत देतात आणि मात्रा हळूहळू वाढवतात. काही महिन्यांत त्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात. मग मानेच्या शिरेतून रक्त घेतात, प्लाझ्मा वेगळा करतात, आणि चांगल्या पद्धतीत तांबड्या पेशी घोड्याला परत देतात.

पण त्याआधी चाळणी असते. नवा घोडा आधी वेगळा ठेवायचा. ग्लँडर्सची तपासणी, कारण तो रोग माणसालाही होतो. घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाची तपासणी. धनुर्वाताची लस तर हवीच, जिमची आठवण म्हणून का होईना! नंतर दर वेळी वजन, ताप, हिमोग्लोबिन, टोचलेल्या जागी गळू आहे का, हे बघायचं. आकडा खाली आला की घोडा सुट्टीवर.

एका घोड्याचं रक्त दुसऱ्या घोड्याला द्यायचं असेल तर हे आणखी किचकट होतं. माणसात ओ निगेटिव्ह आहे, तसा सगळ्यांना चालेल असा घोडा नसतो. म्हणून पशुवैद्य शक्यतो असा दाता निवडतात ज्याला आधी कधी रक्त चढवलेलं नाही. शिंगरू झालेली घोडी टाळतात, कारण गाभणपणात तिच्या रक्तात परक्या रक्ताविरुद्धची प्रतिद्रव्यं तयार झालेली असू शकतात.

घोड्याचं औषध म्हटल्यावर धोका आहेच. काहींना रिअॅक्शन येते, म्हणून ते दवाखान्यातच, डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यायचं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात, बहुतेक खेड्यात. त्यामुळे साप चावला तर जखम कापू नका, दोरी आवळू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. पाय हलू न देता सरळ दवाखाना गाठा.

काका आता ठीक आहेत. पोळ्याला गावी गेलो तेव्हा बैलांची पूजा झाली. मग काकांनी ताटातली एक पुरणपोळी बाजूला काढली आणि मला म्हणाले, "हे तुह्या पिंपरीच्या घोड्याले."

ती मीच खाल्ली. घोड्याला सांगू नका. भेटू पुढच्या भागात.