सम्भूयसमुत्थान : गोवर्धनचे कोलिकनिकाय व लोणीचा साखर कारखाना

धर्मशास्त्रकारांनीं राजसभेपुढें येणाऱ्या वादांचीं जीं अठरा पदें सांगितलीं आहेत, त्यांत 'सम्भूयसमुत्थान' म्हणून एक पद आहे. अनेकांनीं एकत्र येऊन, आपापलें द्रव्य वा श्रम घालून, एखादा उद्योग उभारणें असा त्याचा सरळ अर्थ. मनूनें या पदाखालीं मुख्यतः ऋत्विजांच्या दक्षिणेची वांटणी सांगितली आहे. त्यामुळें विद्यार्थिदशेंत हें प्रकरण आम्हांस अगदींच नीरस वाटलें होतें. नारदानें मात्र तें व्यापाऱ्यांकडे वळविलें. ज्याचा जितका अंश, तितका त्याचा खर्च, तितकी हानि व तितकाच लाभ, असा त्याचा नियम. हा नियम वाचून कोणाचीही अशी समजूत होईल कीं, प्राचीनांचा एकत्रित उद्योग म्हणजे केवळ नफ्याची वांटणी. लोकोपयोगी कार्य हें राजाचें व दानशूरांचें क्षेत्र, उदमी लोकांचें नव्हे. ही समजूत बरोबर नाहीं, असें दाखविण्याचा आमचा हेतु आहे. त्यासाठीं आम्ही दोन पुरावे शेजारीं शेजारीं ठेवीत आहों : एक नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेख, दुसरा आमच्या राहाता तालुक्यांतील लोणी येथील सहकारी साखर कारखाना. दोहोंमध्यें अठराशें वर्षांचें अंतर आहे व त्यांस जोडणारी अखंड परंपरा आहे असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु दोन्हीं गोदावरीच्या खोऱ्यांतलीं आहेत, आणि एकाच्या उजेडांत दुसरें अधिक स्पष्ट दिसतें.

पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा वर्ष ४२ चा लेख आहे. ही गणना शककालाची धरल्यास इ. स. १२० च्या सुमाराचा तो ठरतो. सेनारनें तो एपिग्राफिया इंडिकाच्या ८ व्या खंडांत संपादिला आहे. लेणें संघास अर्पण केल्यावर उषवदातानें ३००० कार्षापणांची अक्षयनीवी दिली. ही रक्कम त्यानें भिक्षूंच्या हातीं दिली नाहीं, राजाच्या कोशांतही ठेविली नाहीं. नाशिकजवळच्या गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविली. एका कोलिकनिकायाकडे २०००, दरमहा शेंकडा एक या दरानें. दुसऱ्याकडे १०००, दरमहा शेंकडा पाऊण या दरानें. मुद्दल परत मागावयाचें नाहीं, केवळ व्याज भोगावयाचें. त्यांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं द्यावे, व दुसऱ्या ठेवीच्या व्याजांतून कुशणमूल द्यावें, असें लेख सांगतो.

वाचकांनीं येथें क्षणभर आंकडेमोड करून पाहावी. दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक म्हणजे महिन्यास वीस, वर्षास २४०. आणि वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा म्हणजेही २४०. एक कार्षापण इकडचा तिकडे नाहीं. लेख खोदविणाऱ्यानें आधीं खर्चाचा ताळेबंद बसविला व मग ठेवीचा आंकडा ठरविला, हें उघड आहे. दानपत्रांच्या वाचनांत आपण वंशावळीकडे व तिथीकडे पाहतों, हिशेबाकडे पाहत नाहीं. तो पाहिल्यास दाता निराळाच दिसूं लागतो. हा सर्व व्यवहार निगमसभेंत वाचून दाखविला व फलकावर नोंदविला असेंही लेखांत आहे. म्हणजे नगराच्या सभेंत जाहीर वाचन, फलकावर नोंद व शिळेवर प्रत, अशी तिहेरी साक्ष.

आतां विणकरांच्या बाजूनें पाहूं. 'कोलिक' म्हणजे संस्कृतांतील कौलिक, आपला कोष्टी. त्याच्या श्रेणीनें दरसाल शेंकडा बारा व्याज कायमचें पत्करलें तें धर्मबुद्धीनें केवळ नव्हे. सुतासाठीं, मागासाठीं तिला भांडवल हवें असणार, व त्या भांडवलावर बारांहून अधिक सुटत असणार. नाहींतर असा न संपणारा बोजा कोण डोक्यावर घेईल? हा आमचा तर्क आहे, लेखांत तसें लिहिलेलें नाहीं. पण तो मान्य केल्यास अर्थ असा निघतो कीं, कोष्ट्यांचा नफा व भिक्षूचें चीवर हीं एकाच मागावर विणलीं जात होतीं. त्याच डोंगरावर आभीर राजा ईश्वरसेन याच्या ९ व्या वर्षाचा लेख आहे. त्यांत विष्णुदत्ता नांवाच्या शकनी उपासिकेनें आजारी भिक्षूंच्या औषधासाठीं कुलरिक, ओदयंत्रिक व तिलपिषक या श्रेणींकडे, म्हणजे कुंभार, जलयंत्रें चालविणारे व तेली यांजकडे, ठेवी ठेविल्या आहेत. पाण्याच्या यंत्राची मिळकत व रुग्णाचें औषध यांचा हा संबंध ध्यानांत ठेवावा; लोणीस तो पुन्हां भेटेल.

मधल्या शतकांचा इतिहास येथें विस्तारानें देण्याचें प्रयोजन नाहीं. एकोणिसाव्या शतकांत दक्षिणेंतील कुणबी व सावकार यांचा संबंध कोणत्या थरास गेला, हें १८७५ च्या दंग्यांनीं दाखविलें. पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें १२ मे रोजीं प्रारंभ झाला व लवकरच नगर जिल्ह्यांतील पारनेर, श्रीगोंदें, कर्जत या बाजूस तो पसरला. दंगेखोरांनीं माणसें फारशीं मारलीं नाहींत. त्यांनीं कर्जरोखे मागितले व जाळले. जुन्या कागदांसाठीं गांवोगांव हिंडणाऱ्या आम्हां लोकांस ही कथा वाचून हळहळ वाटते. परंतु ज्यानें तो कागद चुलींत घातला त्यास त्याचें मोल आपणांपेक्षां अधिक कळत होतें. त्यानंतर १८७९ चा शेतकरी संरक्षणाचा कायदा झाला. कायद्यानें न्यायाधीशास रोख्याच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासतां येऊं लागला. बी-बियाण्यास व बैलास पैसा कोठून आणावयाचा हा प्रश्न मात्र तसाच राहिला. त्याचें पहिलें खरें उत्तर १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्यानें दिलें.

मग पाणी आलें. दारणेचें धरण व नांदूरमधमेश्वराच्या बंधाऱ्यावरून निघणारे गोदावरीचे कालवे यांनीं कोपरगांव-राहात्याचा पट्टा भिजविला. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें होऊन ओझरच्या बंधाऱ्यावरून निघणाऱ्या प्रवरेच्या कालव्यांस बारमाही आधार मिळाला. पाणी आलें म्हणजे समृद्धि आली, असें आमच्याकडील वृद्ध सांगत नसत. उंसास खत, मजुरी व पाणीपट्टी लागे. त्यासाठीं कर्ज घ्यावें लागे. आणि गुऱ्हाळांतून निघालेली गुळाची ढेप अडत्याच्या दारीं गेली कीं भाव तो सांगेल तो. १९३० नंतरच्या मंदींत गुळाचे भाव कोसळले तेव्हां अनेकांनीं आपल्या जमिनी साखर कंपन्यांस दीर्घ मुदतीच्या खंडानें दिल्या. हरेगांवची बेलापूर कंपनी त्यांतली प्रमुख. १९३२ सालीं साखरधंद्यास जकातीचें संरक्षण मिळाल्यावर असे कारखाने वाढले. कालवा सरकारचा, जमीन कुणब्याची, नफा भागीदारांचा, अशी ही व्यवस्था होती. कंपनीनें कांहींच चांगलें केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. सुधारलेलें ऊंसबेणें, यंत्रें व शिस्तीची शेती या भागानें तेथेंच प्रथम पाहिली. पण ज्याची जमीन तो तेथें मजूर म्हणून जाऊं लागला.

शेतकऱ्यांनीं स्वतः कारखाना काढण्याचा मान प्रथम सासवडच्या माळी बागाइतदारांस द्यावा लागतो. नीरा उजव्या कालव्यावर येऊन वसलेल्या या मंडळींनीं १९३२ सालीं सोलापूर जिल्ह्यांत माळीनगर येथें कारखाना स्थापिला. मात्र तो भागभांडवलाच्या कंपनीच्या स्वरूपाचा होता. सहकारी कायद्याखालचा कारखाना लोणीचाच.

लोणी बुद्रुक येथें विठ्ठलराव विखे पाटील यांनीं १९२३ सालीं सहकारी पतपेढी काढली होती. शालेय शिक्षण फारसें नसलेला हा गृहस्थ हिशेबास मात्र पक्का होता. १९४५ सालीं बेलापूर रोड येथें, म्हणजे आजच्या श्रीरामपुरांत, दक्षिणेंतील कालव्यांवरील बागाइतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. साखर कारखाना सहकारी तत्त्वावर काढावा हा विचार तेथें पुढें आला. १९४८ सालीं संस्था नोंदली गेली. मुंबई राज्याचे अर्थ व सहकार मंत्री वैकुंठभाई मेहता यांचें पाठबळ होतें. त्याच वर्षीं स्थापन झालेल्या इंडस्ट्रियल फायनान्स कॉर्पोरेशननें कर्ज दिलें. आणि १९५०-५१ च्या हंगामांत गव्हाणींत पहिली मोळी पडली. गाडगीळ प्रारंभापासून सुमारें दहा वर्षें अध्यक्ष होते, विखे उपाध्यक्ष. १९६० सालीं विखे अध्यक्ष झाले.

मूळ कल्पना कोणाची, यावर आमच्या भागांत अद्याप वाद रंगतो. आमच्या मतें हा वाद चुकीच्या प्रश्नावर चालला आहे. गाडगीळांनीं नियम दिले, विखे यांनीं माणसें दिलीं. गांवोगांव फिरून भागाची रक्कम गोळा करतांना लोकांनीं घरांतील डाग मोडले असें जें सांगतात तें मौखिक आहे, त्यास आम्ही कागदाचा दर्जा देत नाहीं. परंतु सावकारानें पोळलेला शेतकरी अनोळखी संस्थेस पैसा देतो तो पुस्तक वाचून देत नाहीं, एवढें खरें.

या संस्थेच्या नियमांची नारदाशीं तुलना करणें उद्बोधक आहे. नारदाचा लाभ अंशाप्रमाणें. लोणीस मत माणशीं एक, भाग कितीही असोत. आणि शिल्लक मुख्यतः भागावर नव्हे तर घातलेल्या उंसावर, अंतिम भावाच्या रूपानें वांटली जाते. इंग्लंडांत रॉचडेल येथील २८ जणांनीं १८४४ सालीं जें दुकान काढलें त्यांतही लाभांश भांडवलावर न देता खरेदीच्या प्रमाणांत दिला जाई. त्यांतले बरेचजण विणकर होते हा योगायोग आम्हांस फार आवडतो. उंसाच्या भावांतून टनामागें ठराविक रक्कम कापून ठेव म्हणून राखावयाची, व कांहीं अंश शिक्षणादि कार्यांकडे वळवावयाचा, ही पद्धति येथें रूढ झाली. तिच्यांतून शाळा निघाल्या, १९६४ सालीं प्रवरा पब्लिक स्कूल निघालें, पुढील दशकांत लोणीस रुग्णालय उभें राहिलें. ओदयंत्रिकांच्या ठेवींतून औषध, तसें कालव्याच्या पाण्यावर पिकलेल्या उंसांतून औषध. चिपाड बॉयलरांत जळतें, मळीपासून अर्क निघतो; टाकाऊ म्हणून फारसें कांहीं उरत नाहीं. कोपरगांव, राहुरी, संगमनेर, व राहात्याजवळचें गणेशनगर येथील कारखाने याच वाटेनें निघाले. कंपन्यांच्या जमिनी १९६१ च्या कमाल धारणेच्या कायद्यानें गेल्या व १९६३ सालीं स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे आल्या, ती कथा स्वतंत्र लेखाची आहे.

येथवर लिहून थांबलों तर हा लेख स्तुतिपाठ होईल. गोवर्धनच्या लेखांत मुद्दल अक्षय आहे; लोणीच्या परिसरांत मुद्दल म्हणजे जमीन व पाणी, आणि तें अक्षय नाहीं. कालव्याखालीं काळी जमीन सतत उंसाखालीं ठेविल्यास ती पाणथळ व खारवट होते, हें दक्षिणेंतील कालव्यांवर विसाव्या शतकाच्या आरंभींच ठाऊक झालें होतें. विश्वेश्वरय्यांची ब्लॉक पद्धति उंसास क्षेत्राचा कांहीं अंशच देऊन उरलेल्यावर इतर पिकें फिरविणारी होती. तो निर्बंध उंसाच्या ओढीपुढें टिकला नाहीं. चोपण पडलेल्या शेताच्या मालकास कारखान्याचा भागधारक म्हणून काय मिळतें, याचा हिशेब कोणत्याही वार्षिक अहवालांत आम्हांस आढळला नाहीं.

दुसरी उणीव याहून मोठी. निबंधकारांनीं याच सम्भूयसमुत्थानाच्या प्रकरणांत शिल्पकारांच्या वांटणीविषयीं स्मृतिवचन उद्धृत केलें आहे : नवशिका, जाणता, कुशल व आचार्य यांस अनुक्रमें एक, दोन, तीन व चार भाग. म्हणजे भांडवल नसलेला, केवळ हात असलेला नवशिकाही भागीदारच. बीड व पाथर्डीकडून दर हंगामास येणारी कोयत्याची टोळी मात्र या उद्योगांत भागीदार नाहीं. ती मुकादमाच्या उचलीवर येते. उचल फिटली नाहीं तर पुढील वर्षीं पुन्हां येते. १८७५ चा रोखा तो हाच नव्हे, पण त्याची भाषा आमच्या कानांस ओळखीची वाटते. आमच्या वर्गांत कार्तिकांत येऊन चैत्रांत नाहींशीं होणारीं मुलें आम्हीं कित्येक वर्षें पाहिलीं. हजेरीपत्रकांत त्यांच्या नांवांपुढें रेघ ओढण्याचें काम आमच्याच लेखणीनें झालें.

शेवटीं कागदांविषयीं. सुमारें तीस वर्षांपूर्वीं या भागांतील एका गांवच्या सोसायटीचें जुनें दप्तर रद्दींत गेलें. आम्हांस वार्ता लागली तेव्हां वाण्याच्या दुकानांत त्याच्या पुड्या होत होत्या. पांचसहा पानें काय तीं हातीं लागलीं. त्यांवर कर्ज घेणाऱ्यांच्या अंगठ्याच्या निशाण्या आहेत व कारणाच्या रकान्यांत 'बैल', 'बियाणें', आणि वारंवार 'सावकाराचें देणें' असें मोडींत लिहिलें आहे. पेशवे दप्तरांतील रुमाल जपणाऱ्यांस ही पानें क्षुद्र वाटतील. गोवर्धनचा फलकही नोंदीचाच होता व तो लाकडाचा असल्यास केव्हांच कुजला असेल. शिळेवर प्रत होती म्हणून आपणांस २४० कार्षापण जुळवून पाहतां आले. सोसायट्यांचीं खतावण्या-रोजकीर्दी, गुऱ्हाळांचे हिशेब, कंपन्यांशीं झालेले खंडाचे करार व मुकादमांच्या उचलींच्या वह्या अहिल्यानगर जिल्ह्यांत कोणाच्या माळ्यावर असल्यास त्यांनीं मंडळाकडे कळवावें. नकल करून मूळ कागद परत पोंचविण्याची व्यवस्था आम्ही स्वखर्चानें करूं.