चोवीस आकडे, एक श्लोक: आर्यभटाचा ज्यांचा तक्ता

मंडळी, प्रोग्राम लिहिताना वीस-पंचवीस न बदलणाऱ्या आकड्यांचा तक्ता लागतो, तेव्हा तो कसा साठवायचा हा प्रश्न येतोच. याचं एक जुनं उत्तर आज आपण पाहू. साल 499, ग्रंथ 'आर्यभटीय'.

ग्रहगणितात ज्या, म्हणजे आजचा साइन, पदोपदी लागते. आर्यभटाने 90 अंशांचे, म्हणजे 5400 कलांचे, 24 समान भाग केले. प्रत्येक 225 कलांचा. त्रिज्या धरली 3438. कोनाच्या कलांना 225ने भागलं की तक्त्यातली जागा मिळते. कोन वेगळे लिहायला नकोत, शोधाशोधही नको. आपल्या भाषेत हा साधा ॲरे झाला.

पण श्लोकात ज्या नाहीत, लागोपाठच्या ज्यांमधले फरक आहेत: 225, 224, 222, 219 असं करत शेवटी 7. तेही अक्षरांत. म म्हणजे 25, खि म्हणजे 200, म्हणून 'मखि' म्हणजे 225. ग्रंथ पाठ करायचा, तर लहान आकडे सोयीचे. संगणकातही तेच: 3438ला दोन बाइट लागतात, 225 एकात मावतो. सगळा तक्ता 48ऐवजी 24 बाइटांत.

मग तोटा काय? 30 अंशांची ज्या हवी, तर पहिले आठ फरक मिळवावे लागतात. बेरीज 1719, त्रिज्येच्या बरोबर निम्मी. शिवाय तिसरा फरक कुणी 222ऐवजी 212 पाठ केला, तर तिथून पुढच्या 22 ज्या दहाने चुकतात. पूर्ण ज्या साठवल्या असत्या, तर एकच चुकली असती. मात्र फरकांची एकूण बेरीज 3438 यायलाच हवी; ती आली नाही की चूक झाल्याचं लगेच कळतं.

665 साली ब्रह्मगुप्ताने 'खण्डखाद्यका'त दुसरी वाट धरली. त्रिज्या 150, फरक फक्त सहा: 39, 36, 31, 24, 15, 5. तक्ता चौथाईवर आला, पण दोन आकड्यांमधली ज्या काढायला त्याने शेजारच्या दोन फरकांवरून दुरुस्ती करण्याचा नियम दिला. पाठांतर घटलं, आकडेमोड वाढली.

म्हणजे तक्ता लहान असला, तरी निवड उरतेच. आपल्याकडे काय कमी आहे, जागा की वेळ, आणि चूक झाली तर ती कुठवर पसरेल, एवढं आधी विचारावं. मग रचना ठरवावी.