टिळकांचा ‘देवाचा दरबार’ : एका शब्दाचा विचार

‘दरबार’ हा फारसी शब्द आपल्या दप्तरांत पदोपदीं आढळतो. आणि जेथें तो येतो तेथें मानपान, बैठकीचा क्रम व नजराणे हींही बहुधा येतात. म्हणूनच नारायण वामन टिळकांनीं इ. स. १९१७ त साताऱ्यास स्थापिलेल्या भक्तमंडळास ‘देवाचा दरबार’ हें नांव कां दिलें, हें पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

टिळक १८९५ त मुंबईस ख्रिस्ती झाले. १९०४ त त्यांस धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. पुढें १९१७ त अमेरिकन मराठी मिशनचें वेतन सोडून त्यांनीं संन्यासवृत्ति पत्करिली. (संसारी गृहस्थाचा हा संन्यास धर्मशास्त्रास मान्य होईल कीं नाहीं, हा प्रश्न वेगळा.) यास कोणी मिशनवरचा रुसवा म्हणेल. आम्हांस तें पटत नाहीं. रुसलेला मनुष्य स्वतःची गादी मांडतो. टिळकांनीं बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोहोंसही प्रार्थनेसाठीं एका पंक्तीस बसविलें. या दरबारांत सिंहासन एकच, आणि तें देवाचें. पुढाऱ्यास उरते ती सेवकाची जागा. तुकोबांच्या अभंगांवर पोसलेल्या मनास हा अर्थ सहज सुचण्याजोगा होता.

९ मे १९१९ रोजीं टिळक वारले. दरबारास त्यांचा सहवास जेमतेम दोन वर्षें लाभला. लक्ष्मीबाईंचीं ‘स्मृतिचित्रें’ त्यांच्या स्वभावाचें उत्तम साधन होत. पण पदें गाणारांची बाजू त्यांतून थोडीच कळणार? नंदुरबार, नवापूर या बाजूच्या ख्रिस्ती घरांतून भजनांच्या जुन्या हस्तलिखित वह्या असल्यास संग्राहकांनीं त्या अवश्य पाहाव्या, व टिळकांच्या पदांखालच्या टीपाही उतरून घ्याव्या.